ब्लॉटवरचा वरचा बँड आणि फॉस्फेटचे खरे काम

धुळ्याहून एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे. तिने ड्रोसोफिला या फळमाशीच्या तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांमधून डोळ्याच्या डिस्क (पुढे ज्यांच्यापासून डोळा बनतो ते पेशींचे पदर) काढल्या आणि ‘यॅन’ या प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे प्रथिने जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने यॅन शोधला. एकाऐवजी दोन बँड, म्हणजे पट्टे, आले. गाईडसरांचे म्हणणे, वरचा बँड फॉस्फोरिलेटेड (फॉस्फेट जोडलेला) आहे, म्हणजे तोच ॲक्टिव्ह यॅन. असे प्रबंधात लिहू का, आणि विकासातल्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर, म्हणजे जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांवर, फॉस्फोरिलेशन नेमके कसे नियंत्रण ठेवते, हे तिला हवे आहे.

सध्या लिहू नका. त्या एका वाक्यात दोन दावे आहेत. पहिला दावा, वरचा बँड फॉस्फेटमुळे वर आहे. तो खरा असू शकतो, पण अजून सिद्ध झालेला नाही. दुसरा दावा, फॉस्फेट लागलेला यॅन म्हणजे काम करणारा यॅन. हा उलटा आहे. फॉस्फेट लागला की यॅनचे काम संपते.

अडचण फक्त यॅनपुरती नाही. फॉस्फेट लागला की एन्झाइम सुरू, हे ग्लायकोजेन फॉस्फोरिलेजच्या धड्यापासून डोक्यात बसलेले असते. त्याच धड्यात ग्लायकोजेन सिंथेज फॉस्फेटने बंद पडते, ते मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या बाबतीत तर ‘चालू की बंद’ हा प्रश्नच अपुरा आहे. फॉस्फेट कोणत्या अमिनो आम्लावर लागला, कोणत्या कायनेजने (फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमने) लावला, कोणत्या पेशीत कोणत्या वेळी लावला आणि त्यानंतर प्रथिनाचे काय झाले, ही चारही उत्तरे हातात आल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही.

तुमच्याच डिस्कपासून सुरुवात करू. माशीच्या डोळ्यात साधारण ७५० ते ८०० ओमॅटिडिया, म्हणजे छोटे डोळे, असतात आणि प्रत्येकात ८ प्रकाशग्राही पेशी, आर१ ते आर८. आर८ सर्वांत आधी ठरते, आर७ सर्वांत शेवटी. आर८ च्या पृष्ठभागावरचे ‘बॉस’ हे प्रथिन शेजारच्या पेशीवरच्या ‘सेव्हनलेस’ या रिसेप्टर टायरोसीन कायनेजला, म्हणजे बाहेरचा निरोप आत नेणाऱ्या प्रथिनाला, भिडते. तिथून निरोप रास, राफ, मेक असा उतरत ‘रोल्ड’पर्यंत येतो. रोल्ड म्हणजे माशीतला एमएपी कायनेज. तो केंद्रकात शिरतो आणि तिथे त्याच्यासमोर दोन प्रथिने असतात, यॅन आणि पॉइंटेड-पी२.

ही दोन्ही ईटीएस या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच्या कुटुंबातली आहेत आणि डीएनएवरच्या साधारण त्याच जागांवर, जीजीएए गाभा असलेल्या क्रमांवर, बसू पाहतात. यॅन बसला तर जनुक दबलेले राहते. पॉइंटेड बसला तर ते सुरू होते. निरोप येण्याआधी जागा यॅनच्या ताब्यात असते. रोल्ड आला की तो दोघांनाही फॉस्फेट लावतो, एकच कायनेज आणि जवळपास एकाच वेळी. यॅनमध्ये एमएपी कायनेजला चालतील अशा ८ जागा आहेत, त्यात सेरीन १२७ सर्वांत महत्त्वाची. तिथे फॉस्फेट लागला की ‘मे’ या छोट्या प्रथिनाच्या मदतीने यॅन डीएनएवरून सुटतो, सीआरएम१ या बाहेर नेणाऱ्या प्रथिनाच्या वाटेने केंद्रकाबाहेर जातो आणि तोडला जातो. पॉइंटेड-पी२ मध्ये मात्र थ्रिओनीन १५१ ही एकच जागा कळीची. तिथला फॉस्फेट त्याला जोरकस ॲक्टिव्हेटर बनवतो. मग ‘प्रॉस्पेरो’सारखी जनुके सुरू होतात आणि पेशी आर७ होते.

हा पुरावा १९९४-९५ मध्ये पुढे आला आणि तो कसा आला हे तुम्हाला उपयोगी पडेल. यॅनच्या आठही जागा ॲलानीन या फॉस्फेट न लागणाऱ्या अमिनो आम्लात बदलल्या. हा यॅन कायनेजला दाद देत नाही, केंद्रकात बसून राहतो आणि पेशी प्रकाशग्राही होतच नाहीत. म्हणजे यॅनच्या बाबतीत फॉस्फेट नसणे हेच ‘चालू’ असणे आहे. सरांशी वाद घालण्यापेक्षा हा एक प्रयोग त्यांच्यासमोर ठेवा, पुरेसा आहे. डेटाबेसमध्ये शोधताना यॅनचे अधिकृत नाव ‘अँटेरियर ओपन’ आहे हे लक्षात असू द्या, नाहीतर निम्मे साहित्य सापडणारच नाही.

यातून तुमच्या ब्लॉटबद्दल एक शंका आपोआप उभी राहते. फॉस्फेट लागलेला यॅन लवकर तुटतो, म्हणून संपूर्ण डिस्कच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या द्रावणात) त्याचा बँड फिकट असायला हवा. तुमचे दोन्ही बँड सारखेच ठळक असतील तर वरचा बँड दुसरेच काही असण्याची शक्यता गंभीरपणे घ्या. शिवाय डिस्कमध्ये मॉर्फोजेनेटिक फरोच्या, म्हणजे डिस्कवरून पुढे सरकणाऱ्या खाचेच्या, मागे ओळीओळीने वेगवेगळ्या वयाच्या पेशी असतात. ब्लॉट या सगळ्यांची सरासरी दाखवतो. कोणत्या पेशीत काय घडले हे तो सांगू शकत नाही, त्यासाठी डिस्क रंगवूनच पाहावी लागते.

आता व्यापक प्रश्न. फॉस्फेटने ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचे जे काही होते, ते माशीत मला चार तऱ्हांनी दिसते आणि कित्येकदा एकाच प्रथिनात दोन तऱ्हा असतात. एक, प्रथिनाची जागा बदलते. ‘यॉर्की’ला ‘वॉर्ट्स’ कायनेज सेरीन १६८ वर फॉस्फेट लावतो, मग १४-३-३ प्रथिन त्याला धरून केंद्रकाबाहेर अडकवते आणि वाढ थांबते. ‘डॉर्सल’मध्ये उलट आहे. टोल या निरोप-मार्गाने ‘कॅक्टस’ हे अडवून ठेवणारे प्रथिन तुटून डॉर्सल मोकळा होतो खरा, पण स्वतः डॉर्सलवर, सेरीन ३१७ पाशी, फॉस्फेट लागला नाही तर तो केंद्रकात जात नाही. ‘मॅड’च्या शेपटीवरच्या सेरीनना ‘थिकव्हेन्स’ रिसेप्टर फॉस्फेट लावतो आणि मॅड आत जातो. दोन, प्रथिन तुटते किंवा कापले जाते. तीन, डीएनएला धरण्याची ताकद बदलते. केसीन कायनेज-२ मुळे ‘एनग्रेल्ड’ डीएनएला अधिक घट्ट धरतो, तर ‘अँटेनापीडिया’मधल्या त्याच कायनेजच्या जागा ॲलानीन केल्या तर ते प्रथिन उलट जास्तच उच्छाद मांडते. कायनेज एकच, होमिओडोमेन (डीएनए धरणारा भाग) असलेल्या दोन प्रथिनांवर परिणाम मात्र विरुद्ध. चार, जोडीदार बदलतो. ‘ग्राउचो’ हा स्वतः डीएनएला न धरणारा को-रिप्रेसर, म्हणजे जनुक दाबणाऱ्या प्रथिनांचा (रिप्रेसरचा) जोडीदार आहे. एमएपी कायनेजने त्याला फॉस्फेट लावला की त्याची दाबून ठेवण्याची क्षमता कमी होते आणि त्याच्यावर विसंबलेले अनेक रिप्रेसर एकदम दुबळे पडतात.

दुसऱ्या तऱ्हेवर जरा थांबायला हवे, कारण तिथेच प्रयोगाची आखणी सर्वांत जास्त चुकते. उदाहरण ‘क्युबिटस इंटरप्टस’चे, त्याला सगळे ‘सीआय’ म्हणतात. पंखाच्या डिस्कच्या पुढच्या भागात हेजहॉग या संदेशवाहक प्रथिनाचा निरोप नसेल तेव्हा प्रोटीन कायनेज-ए सीआयवर ठरावीक सेरीनवर फॉस्फेट लावतो, ८३८, ८५६ आणि ८९२ वर. हे पहिले फॉस्फेट लागले की मगच ‘शॅगी’, म्हणजे जीएसके-३, आणि केसीन कायनेज-१ शेजारच्या सेरीनवर काम करू शकतात. जीएसके-३ ला सहसा चार घरे पुढे आधीच एक फॉस्फेट लागलेला हवा असतो. अशी फॉस्फेटची रांग पूर्ण झाली की ‘स्लिम्ब’ तिला ओळखतो आणि १५५ किलोडाल्टनचा सीआय प्रोटिआझोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रात, अर्धवट कापला जाऊन ७५ किलोडाल्टनचा रिप्रेसर उरतो. हेजहॉग आला की ही साखळी थांबते, पूर्ण लांबीचा सीआय शिल्लक राहतो आणि तो जनुके सुरू करतो. एकाच जनुकाचे प्रथिन, फॉस्फेट असेल तर रिप्रेसर, नसेल तर ॲक्टिव्हेटर.

आता कुणी यातली प्रोटीन कायनेज-ए ची एक सेरीन ॲलानीन केली आणि कापणे थांबलेले पाहिले, तर निष्कर्ष काय काढावा? ती सेरीन महत्त्वाची आहे एवढाच. पण कापणे तिच्यावरच्या फॉस्फेटअभावी थांबले, की ती गेल्यामुळे शेजारच्या जीएसके-३ च्या जागा कोऱ्या राहिल्या म्हणून, हे त्या एका म्युटंटवरून (बदललेल्या प्रथिनावरून) सांगता येत नाही. त्यासाठी शेजारच्या जागांचे वेगळे म्युटंट लागतात. तुमच्या प्रथिनात सेरीन चार-चार घरांच्या अंतराने ओळीत दिसल्या तर ही शक्यता आधीच वहीत लिहून ठेवा.

फॉस्फेट आहे पण फारसा उपयोग दिसत नाही, असेही घडते, आणि ‘बायकॉइड’ हे त्याचे उत्तम उदाहरण. सुरुवातीच्या भ्रूणात टॉर्सो या टोकांकडच्या निरोप-मार्गामुळे बायकॉइडला फॉस्फेट लागतो, ब्लॉटवर तो स्पष्ट दिसतो. पण एमएपी कायनेजच्या त्या जागा बदललेला बायकॉइड भ्रूणाचा पुढचा भाग बऱ्याच अंशी नीट घडवतो. टोकांवरचे मुख्य काम ‘कॅपिक्युआ’ या रिप्रेसरमार्फत होते. टॉर्सोमुळे कॅपिक्युआला फॉस्फेट लागतो, तो दुबळा पडतो आणि ‘टेललेस’ व ‘हकेबाइन’ ही जनुके मोकळी होतात. बायकॉइडवरच्या फॉस्फेटचा एक अर्थ असा की पुढच्या टोकाला तो त्याच कायनेजसाठी कॅपिक्युआशी स्पर्धा करतो. कायनेज मर्यादित असेल तर कोणतेही सबस्ट्रेट दुसऱ्याचा वाटा कमी करू शकते. हे सुचायला वेळ लागला, कारण सगळे बायकॉइडच्या ‘चालू-बंद’कडेच पाहत होते. याच्या अगदी उलट ‘फुशी ताराझू’. त्याच्या होमिओडोमेनमधली थ्रिओनीन २६३ ॲलानीन केली की भ्रूणाचे खंड सावरत नाहीत, ॲस्पार्टिक आम्ल केली की सावरतात. एका अमिनो आम्लाचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

इथवरचे थोडक्यात: फॉस्फेटचा अर्थ प्रथिनागणिक बदलतो, तो दिसणे आणि त्याची गरज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गरज सिद्ध होते ती माशीत जागा बदलूनच. आता टेबलावरच्या कामाकडे.

दोन बँड येण्याची कारणे बरीच असतात. एकाच जनुकाचे दोन आयसोफॉर्म (प्रथिनाची दोन रूपे) हे सर्वांत साधे. पॉइंटेडचेच पाहा, पी१ आणि पी२ एकाच जनुकातून येतात आणि पी१ ला कायनेजची वाट पाहावी लागत नाही. पॉइंटेडच्या ब्लॉटमध्ये दोन बँड पाहून फॉस्फोरिलेशनचा निष्कर्ष काढणारा इथेच फसतो. सुमो किंवा युबिक्विटिन ही छोटी प्रथिने जोडली गेली तरी बँड वर जातो, पण ती उडी मोठी असते. खालचा बँड हा वरच्याचा तुटलेला तुकडाही असू शकतो, विशेषतः लायसिसच्या वेळी नमुना बर्फावर नसेल तर. आणि एक फॉस्फेट म्हणजे जेमतेम ८० डाल्टन. बँड वर सरकतो तो वजनामुळे नव्हे, एसडीएस (जेलसाठी वापरायचा डिटर्जंट) चिकटण्यात फरक पडल्यामुळे. म्हणून बऱ्याच जागांवर फॉस्फेट लागूनही बँड हलत नाही. बँड न हलणे हा फॉस्फेट नसल्याचा पुरावा होत नाही.

सरळ परीक्षा लॅम्डा फॉस्फेटेजची. ते सेरीन, थ्रिओनीन आणि टायरोसीन तिन्हींवरचा फॉस्फेट काढते. एकाच लायसेटचे चार भाग करा. पहिला बर्फावर ठेवा. दुसरा एन्झाइमशिवाय ३० अंशांवर ३० मिनिटे. तिसऱ्यात ५० मायक्रोलिटरला ४०० युनिट एन्झाइम आणि १ मिलिमोलर मँगनीज क्लोराइड, तेवढाच वेळ. चौथ्यात एन्झाइम आणि त्यासोबत फॉस्फेटेज इनहिबिटर. वरचा बँड फक्त तिसऱ्या नळीत खाली आला तरच म्हणा की तो फॉस्फेटमुळे वर होता. दुसऱ्या नळीतही खाली आला तर लायसेटमधले स्वतःचे फॉस्फेटेज किंवा प्रोटिएज काम करून गेले. चौथी नळी बहुतेक जण टाळतात आणि परीक्षक नेमके तिच्याबद्दलच विचारतात.

या प्रयोगाचे लायसेट बनवताना तीन गोष्टींनी घात होतो. बफरमध्ये ईडीटीए असेल तर तो मँगनीज पकडतो आणि एन्झाइम चालत नाही, म्हणून प्रोटिएज इनहिबिटरची गोळी ईडीटीए नसलेलीच घ्या. फॉस्फेट बफर वापरलात तर एन्झाइम दबते, ट्रिस किंवा हेपिस घ्या. आणि सवयीने सगळ्या नळ्यांत फॉस्फेटेज इनहिबिटर टाकून बसलात तर तिसरी नळी आपोआप चौथी होते.

नुसता ब्लॉट करायचा असेल तेव्हा मात्र उलट वागायचे. डिस्क किंवा भ्रूण थेट उकळत्या एसडीएस सॅम्पल बफरमध्ये टाका आणि ९५ अंशांवर ५ मिनिटे ठेवा, कारण पेशी फुटल्यावर काही मिनिटांतच फॉस्फेट निघून जातात. इनहिबिटर वापरायचे तर सोडियम फ्लोराइड ५० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर आणि ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर. ऑर्थोव्हॅनाडेट सक्रिय करावे लागते. पीएच १० ला आणून रंग जाईपर्यंत उकळायचे, थंड करून पुन्हा पीएच तपासायचा आणि द्रावण पीएच १० वर रंगहीन राहीपर्यंत हे करत राहायचे. पिवळे द्रावण तसेच ओतले तर टायरोसीनवरचे फॉस्फेट वाचत नाहीत. ब्लॉट ब्लॉक करताना दूध नको, दुधातले केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे आणि फॉस्फो-अँटिबॉडीला ते पार्श्वभूमी देते. बीएसए वापरा, आणि धुवायला पीबीएसऐवजी टीबीएस.

बँड नीट सुटत नसतील तर फॉस-टॅग (फॉस्फेटला धरणारे रसायन) घातलेले जेल. २० ते ५० मायक्रोमोलर फॉस-टॅग, त्याच्या दुप्पट मँगनीज क्लोराइड, आणि जेल कमी करंटवर सावकाश चालवायचे. ट्रान्सफरच्या आधी जेल १ मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या ट्रान्सफर बफरमध्ये १० मिनिटे हलवा, मग साध्या बफरमध्ये १० मिनिटे. हे राहिले तर प्रथिन जेलमध्येच अडकते आणि तुम्ही अँटिबॉडीला दोष देत बसता. या जेलवर रंगीत मार्करवरून किलोडाल्टन काढू नका, तिथे ते निरर्थक असतात. फॉस-टॅग महाग पडतो. लॅम्डाचा निकाल स्पष्ट असेल तर एम.एस्सी.च्या प्रकल्पाला त्याची गरज नाही, तो पैसा चांगल्या अँटिबॉडीवर घाला.

पुढचा टप्पा जागा बदलण्याचा. सेरीन ॲलानीन केली की फॉस्फेट लागू शकत नाही, ॲस्पार्टिक किंवा ग्लुटामिक आम्ल केली की फॉस्फेटसारखा ऋण भार येतो. हे दुसरे गृहीतक जपून वापरा. फॉस्फेटवर शरीराच्या पीएचला जवळपास दोन ऋण भार असतात, ॲस्पार्टिकवर एकच, आणि आकारही वेगळा. १४-३-३ किंवा स्लिम्बसारख्या प्रथिनांचा खळगा खऱ्या फॉस्फेटचाच असतो, ॲस्पार्टिकला तो सहसा धरत नाही. अशा ठिकाणी तुमचा ‘फॉस्फेटची नक्कल करणारा’ म्युटंट ॲलानीनसारखाच वागतो आणि दोन्ही म्युटंटचा निकाल सारखा पाहून लोक फॉस्फोरिलेशनचा काही संबंध नाही असे लिहून मोकळे होतात. काय अपेक्षित आहे हे आधी ठरवा: जोडीदार फॉस्फेट ओळखतो, की नुसता भार पुरतो?

म्युटंट प्रथिन माशीत घालताना मूळ आणि बदललेला, दोन्ही ट्रान्सजीन (बाहेरून घातलेली जनुके) फाय-सी३१ पद्धतीने गुणसूत्रावरच्या एकाच एटीटीपी जागेवर घाला. वेगळ्या जागी गेले तर त्यांच्या पातळीतला फरक हा गुणसूत्रावरच्या जागेचा असू शकतो. यूएएस-गॅल४ या जनुक जोरात चालवणाऱ्या पद्धतीने भरमसाट प्रथिन बनवून मिळालेला निकाल पहिला इशारा म्हणून ठीक आहे. पण नेहमीच्या दहापट यॅन असेल तर कायनेजच पुरा पडणार नाही आणि मूळ यॅनही म्युटंटसारखा वागू लागेल. खरा पुरावा म्हणजे त्या जनुकाचा स्वतःचा प्रमोटर असलेला तुकडा, तो नल (जनुक पूर्ण निकामी असलेल्या) म्युटंटमध्ये घालून सावरतो की नाही ते पाहणे, किंवा क्रिस्परने मूळ जनुकातच बदल करणे. इन व्हिट्रो कायनेज ॲसेवर मात्र सगळा भार टाकू नका. नळीत शुद्ध कायनेज भरपूर घातला की तो अशाही सेरीनवर फॉस्फेट लावतो ज्यांना पेशीत तो कधी शिवत नाही.

हे सगळे कितपत जमेल ते तुमच्या कॉलेजात काय आहे त्यावर ठरेल. भ्रूणात इंजेक्शन देण्याची सोय नसेल तर चार-सहा महिन्यांत ट्रान्सजीन बनवण्याच्या मागे लागू नका. जेनेटिक्सने बरेच काही दाखवता येते आणि त्याला बाटल्या, एक चांगला मायक्रोस्कोप आणि शिस्त एवढेच लागते. सेव्हनलेसच्या एन्हान्सरखाली (जनुक कुठे चालावे हे ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) सदा-सक्रिय रास चालवलेल्या माश्यांचे डोळे खडबडीत असतात, कारण जादा पेशी आर७ होतात. त्यांना रोल्ड किंवा पॉइंटेडच्या म्युटंटशी क्रॉस करा, त्या जनुकाची मात्रा निम्मी झाल्याने खडबडीतपणा कमी व्हायला हवा. यॅनच्या म्युटंटशी क्रॉस केलात तर तो वाढायला हवा. यॅन त्या निरोपाच्या विरुद्ध काम करतो आणि निरोप त्याला बाजूला सारतो, हे एवढ्या क्रॉसमध्ये डोळ्यांनी दिसते.

आर७ मोजायला सेक्शन कापायची गरज नाही. माशीचे डोके कापून स्लाइडवर पारदर्शक नेलपॉलिशच्या थेंबात बसवा, डोळा वर ठेवून. वाळल्यावर इमर्शन ऑइलचा थेंब, खालून प्रकाश, आणि ऑइल ऑब्जेक्टिव्हने हळूहळू फोकस खाली न्या. प्रत्येक ओमॅटिडियममध्ये सहा ठिपक्यांचा वाकडा चौकोन आणि त्यांच्या मधोमध एक बारीक सातवा ठिपका दिसेल. तो सातवा म्हणजे आर७. आर८ त्याच्या खाली असल्याने दिसत नाही. सेव्हनलेस माशीत मधला ठिपका नसतो. नेलपॉलिशमध्ये बुडबुडा राहिला किंवा डोळा तिरका बसला तर ठिपके एकमेकांत मिसळतात, अशा डोक्याची मोजणी करू नका. प्रत्येक जीनोटाइपची निदान पाच-सहा डोकी आणि मोजणाऱ्याला जीनोटाइप माहीत नसावा.

खान्देशात या कामाचा सर्वांत मोठा शत्रू तापमान आहे. सेव्हनलेसचा बी४ हा तापमानाला संवेदनशील अलील (जनुकाचे रूप) घ्या. २२.७ अंशांवर आर७ तयार होते, २४.३ वर होत नाही. दीड अंशाचा हा काठच वापरून १९९१ साली सेव्हनलेसखालच्या मार्गातली रास आणि ‘सन ऑफ सेव्हनलेस’ ही जनुके ओळखली गेली. जिथे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला टेकतो आणि दुपारी वीज जाते, तिथे असा प्रयोग उघड्या खोलीत होऊ शकत नाही. गॅल४ सुद्धा १८ पेक्षा २९ अंशांवर बरेच जोरात चालतो. ३० च्या पुढे नर नापीक होऊ लागतात. आणि उष्णतेचा ताण स्वतःच जेएनके, पी३८ सारखे कायनेज जागे करतो, म्हणजे तापलेल्या खोलीत जमा केलेल्या भ्रूणांत दिसणारे फॉस्फेट विकासाचे की उकाड्याचे, हे सांगता येत नाही.

म्हणून इन्क्युबेटरच्या डिस्प्लेवर विसंबू नका. पाण्याने भरलेल्या माशीच्याच नळीत थर्मामीटरचे टोक बुडवून ती वरच्या आणि खालच्या कप्प्यात ठेवा, दोन कप्प्यांत फरक निघतोच. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, वीज गेली तरी तापमान हळू चढते. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर घेता आला तर उत्तम. डेझर्ट कूलरच्या वाऱ्यात बाटल्या ठेवल्या तर अन्न ओले होऊन बुरशी धरते. शक्य असेल तर ब्लॉटचे नमुने नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच गोळा करून गोठवा, उन्हाळ्यात विश्लेषण करा.

भ्रूण गोळा करायचे झाले तर पहिल्या तासाची अंडी टाकून द्या, कारण माद्या फलित अंडी पोटात धरून ठेवतात आणि त्यांचे वय तुमच्या घड्याळाशी जुळत नाही. त्यानंतरची प्लेट तासाभराने काढा आणि हवे त्या वयापर्यंत २५ अंशांवर ठेवा. टॉर्सोचे काम अंडे घातल्यापासून पहिल्या तीन तासांत उरकते, त्यामुळे तासाभराचा घोळ म्हणजे प्रयोग वाया. कवच काढायला घरगुती ब्लीच आणि पाणी निम्मेनिम्मे, दोन मिनिटे, मग वाहत्या पाण्याखाली वास जाईपर्यंत धुणे.

रावेर-यावलकडच्या केळीच्या ढिगावर हव्या तेवढ्या माश्या मिळतात, त्यावर काम चालेल का, असेही बऱ्याचदा मनात येते. सराव करायला, डिस्क काढायला हात बसवायला जरूर वापरा. निकालासाठी नको. त्या झुंडीत मेलानोगास्टरसोबत अनानासे आणि डोक्या-छातीवर पांढरे पट्टे असलेली झाप्रिओनस असते. मेलानोगास्टरचा नर पोटाच्या काळ्या टोकावरून आणि पुढच्या पायावरच्या काळ्या कंगव्यावरून ओळखता येतो, माद्या मात्र सहज फसवतात. शिवाय केळीवर फवारणीचे अंश असू शकतात. अशा माश्यांसोबत माइट आले तर सगळ्या स्टॉकना (जपलेल्या माश्यांच्या वंशांना) लागतात, म्हणून बाहेरच्या माश्या वेगळ्या खोलीतच ठेवा.

स्टॉक मागवताना परदेशी केंद्राकडे जाण्याआधी बेंगळुरू-पुण्याच्या प्रयोगशाळांना पत्र लिहा, यॅन, पॉइंटेड, रोल्डचे जुने अलील अनेकांकडे असतात आणि ते आनंदाने पाठवतात. पत्रात जनुकाचे नाव पुरेसे नाही. अलील कोणता, बॅलन्सर (म्युटेशन टिकवून ठेवणारे गुणसूत्र) कोणता आणि नल आहे की आंशिक, हे विचारून घ्या, नाहीतर निम्म्या मात्रेचा क्रॉस प्रत्यक्षात पाऊण मात्रेचा निघतो. पार्सल मार्चअखेरपर्यंत येईल असे बघा. मेमध्ये भुसावळच्या फलाटावर तासभर पडलेल्या नळ्यांत जिवंत माशी क्वचितच मिळते. नळ्या आल्या की प्रत्येक स्टॉकच्या दोन प्रती करून त्या १८ अंशांवर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा आणि पहिल्या पिढीतच बॅलन्सरची खूण, उदाहरणार्थ कर्ली पंख, तपासून मगच क्रॉसला हात घाला.